चौथ्या भागातला ताप

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, बापापाशी तर नाहीच नाही. हां — एका माणसाला गेल्या महिन्यात सांगितलं, पण ते ज्याचं होतं त्यालाच नेऊन दिलं, त्याला काही सांगणं म्हणत नाहीत. तेव्हा पहिल्यांदा ऐकणारे तुम्हीच. आणि आधीच सांगून ठेवते, मला सरळ बोलायला जमत नाही. नांदेडची आहे, तोंड सुरू झालं की लई फिरून येते. पण येते.

माझं काम सांगितलं की लोक आधी हसतात. मी लातूरला बसून जपानी कार्टूनला इंग्रजी बोलायला लावते. कार्टून म्हटलं की आजकालची पोरं चिडतात, ॲनिमे म्हणा म्हणतात. तर ॲनिमे. आधी मी एका क्लासमध्ये बारावीच्या पोरांना इंग्रजी शिकवायची. लातुरात गल्लीगणिक क्लास, त्यातलाच एक. तो बंद पडला. मग कुणीतरी सांगितलं, हैदराबादच्या एका स्टुडिओला इंग्रजी संवाद लिहिणारं माणूस पाहिजे. परीक्षा दिली, पास झाले. ती मालिका पुढं अमेरिकेत बघतात, ऑस्ट्रेलियात बघतात, आणि तिचं इंग्रजी औसा रोडवरच्या दोन खोल्यांत लिहिलेलं असतं. आमच्या घरमालकीणबाईंना हे अजूनही खरं वाटत नाही.

काम म्हणाल तर असं. पडद्यावरची जपानी बाई तीनदा तोंड उघडते आणि मिटते. तिच्या बोलण्याचा अर्थ मला कळला पाहिजे, आणि माझं इंग्रजी वाक्यही तीनदाच उघडून मिटलं पाहिजे. अर्थ बसला पण तोंड बसलं नाही, तर वाक्य फेका. तोंड बसलं पण अर्थ हुकला, तर... तर काय? तर कुणाच्या लक्षात येत नाही. निदान लगेच येत नाही. हे मी त्या धंद्यात शिकले, आणि हेच शिकायला नको होतं.

आता मला जपानी कुठं येतं? जपानी यायचं हबीब सरांना.

हबीब सर हैदराबादचे, जुन्या शहरातले. वय तेव्हा सदुसष्ट. ओसाकाच्या कारखान्यात एकोणीस वर्षं मशीनवर काम केलं, आणि जपानी शिकले ते फोरमनच्या शिव्या आणि शेजारणीच्या गप्पा ऐकून. नंतर मात्र रीतसर, शब्दकोश घेऊन, परीक्षा देऊन. माणूस भाषेचा इतका हावरा की जेवताना लोणच्याच्या बरणीवरचं लेबलसुद्धा जपानीत करून बघायचा. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन एका डोळ्याला धड झालं नाही, टाइप करणं जमेना. इंग्रजी लिहायचा तर आधीपासूनच कंटाळा. स्टुडिओनं बेंगळुरू-दिल्लीकडचे दोन-तीन लेखक त्यांच्यासोबत लावून बघितले. त्यांना सरांची बोली कळेना, सरांना त्यांची घाई कळेना.

मग मी गेले. आमच्या नांदेडात भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत हीच दखनी उर्दू. नक्को, हौ, कैकू — माझं लहानपण त्यातच गेलं. तर आमची पद्धत अशी पडली. दुपारचे तीन वाजले की त्यांनी तिकडं व्हिडिओ लावायचा, मी इकडं लावायचा, फोन स्पीकरवर. ते एकेक वाक्य थांबवून जपानीचा अर्थ दखनीत सांगायचे, मी तो लांबड्या वहीत अर्धा मराठीत, अर्धा इंग्रजीत उतरवायची. संध्याकाळी त्याचं इंग्रजी करून तोंडात बसवायचं. जपानातून निघालेली गोष्ट हैदराबादेत दखनी व्हायची, लातुरात मराठी आणि मग अमेरिकेत. स्टुडिओतल्या मॅडमना ही पद्धत येडपट वाटायची, पण काम चोख होत होतं, तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. कागदावर सरांचं काही नसायचं. जे होतं ते माझ्या वहीत. एवढं ध्यानात ठेवा.

ते मला बेटी म्हणायचे. नुसतं म्हणायचे नाहीत — माझ्या पोराला ताप आला तर दोनदा फोन करून विचारायचे. एखाद्या शब्दावर अर्धा तास घालवायचे, आणि मी कंटाळले की म्हणायचे, लफ्ज हलका नक्को पकड, हातातून सुटला की दुसऱ्याच्या डोक्यात पडतो. आता सांगा, अशा माणसाशी मी काय केलं असेल?

थांबा. त्याआधी अजून एक सांगायला पाहिजे. ते सांगायला मला याहून जड जातं.

माझं आडनाव वाघमारे. आमचं घर बौद्ध. आज्यानं छप्पन सालानंतर दीक्षा घेतली, बाप एसटीत कंडक्टर होता, आणि भिंतीवर निळ्या कोटातला तो फोटो — कुणाचा ते सांगायला नको. बापानं आम्हाला एकच शिकवण दिली, नाव विचारलं की पुरं सांगायचं. आणि मी? स्टुडिओचा फॉर्म भरताना मी आडनावाच्या रकान्यात हदगावकर लिहिलं. आमचं गाव हदगाव तालुक्यात, म्हणजे तसं खोटं नव्हे. गावाला कर लावलं की झालं! कागदपत्रांचं काय ते मी बाहेरच्या बाहेर निस्तरलं. कुणी जबरदस्ती केली होती का? नाही. कुणी विचारलं तरी होतं का? तेही नाही. मीच आधी घाबरून बसले.

रेकॉर्डिंगच्या आठवड्यात मी रेल्वेनं हैदराबादला जायची. दुपारी सगळे एकत्र डबे उघडायचे. तिथं हिशेब बघणाऱ्या एक मराठी काकू होत्या, मूळच्या आपल्याकडच्याच. त्यांनी एकदा विचारलं, हदगावकर म्हणजे देशस्थ का गं तुम्ही? मी हसले आणि लोणचं मागितलं. झालं. त्या दिवसापासून त्या मला स्वतःच्या ताटातलं वाढायला लागल्या, आणि मी खायला लागले. घरून मीटिंग असली की टेबल फिरवून घ्यायची, मागं स्वयंपाकाचं फडताळ दिसेल असं. भिंतीवरचा फोटो दिसायला नको. बापानं हे बघितलं असतं तर मला मारलं नसतं, जेवण सोडलं असतं.

तर ती मालिका. नाव सांगत नाही. जुन्या जपानातलं एक डोंगरातलं गाव. नदीच्या पलीकडं चामडं कमावणाऱ्यांची वस्ती. त्या वस्तीतल्या एका दहा-बारा वर्षांच्या मुलीची ही गोष्ट. तिचा बाप जत्रेच्या ढोलाला कातडं चढवतो, आणि एकदा ढोल देवळात गेला की त्याला त्याच्याच ढोलाला हात लावता येत नाही. सरकारचं फर्मान निघालेलं असतं की आता सगळे सारखे, पण फर्मान नदी ओलांडून आलेलं नसतं.

चौथ्या भागात ती मुलगी गावातल्या चहाच्या दुकानी येते. दुकानदारीण तिला चहा देते, पण दुकानाच्या बाहेर, कट्ट्यावर ठेवलेल्या टवका उडालेल्या वाडग्यात. वरून ओतते. मुलगी गेल्यावर वाडग्यावर पाणी टाकते, काठीनं ढकलून परत जागेवर ठेवते. दुसरी एक बाई विचारते, तसं का केलंस? आणि दुकानदारीण एका शब्दात उत्तर देते.

मला सरांनी सांगायच्या आधीच कळलं होतं. चित्रातच कळलं. तुम्हालाही कळलं असेल, आपल्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. दहावीत माझी एक मैत्रीण होती, तिच्या घरी अभ्यासाला जायची. तिच्या आईनं माझ्यासाठी एक स्टीलचा पेला ठेवला होता, त्याच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका. मला तो एकदा पाणी पिता-पिता दिसला. त्यानंतरही मी वर्षभर त्याच पेल्यातून पाणी प्याले.

त्या दिवशी सरांनी तो प्रसंग मागं नेऊन परत लावला. मग म्हणाले, "बेटी, ये बीमारी-गरीबी की बात नै है। पैदा हुई, बस वोच कसूर। हमारे मुल्क के लोगां कू समझाना नै पड़ता।" मग त्यांनी ओसाकाच्या कारखान्यातला एक दोस्त सांगितला. तोही अशाच वस्तीतला होता, पत्ता लपवायचा, नाव बदलून राहायचा, आणि अख्ख्या कारखान्यात ते फक्त या परदेशी माणसाला ठाऊक होतं. बेचारा नाम बदल के जिया, म्हणाले. माझ्या हातातलं पेन थांबलं. यांना कळलं की काय? चोराच्या मनात चांदणं! त्यांना कुठलं काय कळलंय, ते आपले दोस्ताच्या आठवणीनं कळवळले होते. मी त्यांचं सगळं बोलणं जसंच्या तसं वहीत उतरवलं, तारीख टाकली. आणि संध्याकाळी स्क्रिप्ट लिहायला बसले.

दुकानदारीण इंग्रजीतही एकच शब्द म्हणाली — ताप. तिच्या वस्तीत लागट ताप आहे, असा अर्थ.

मी लिहिलं ते. तोंडातही काय सुरेख बसलं!

का? सांगते, पण ते कारण म्हणून घेऊ नका. संवाद लिहिणाऱ्याला रेकॉर्डिंगच्या वेळी कलाकारांना प्रसंग समजावून द्यावा लागतो. खरं लिहिलं असतं तर मला त्या काचेच्या खोलीत उभं राहून सांगावं लागलं असतं की वाडगा बाहेर का ठेवतात, वरून का ओतायचं असतं, पाणी का टाकतात. आणि कुणीतरी विचारलं असतं, तुला इतकं बारीक कसं माहीत गं? त्या काकू बाहेर डबा घेऊन थांबलेल्या असणार. माझ्या आवाजावरून त्यांना कळलं असतं. एवढ्यासाठी. डबिंग करणाऱ्या मुलीनं मला विचारलंच, ही बाई असं काय वागते? मी म्हटलं, साथीला घाबरते. तिनं मान डोलावली आणि छान घाबरून दाखवलं.

आता गंमत बघा. गंमत कसली, शिक्षाच ती. चौथ्या भागात ताप घातला तर पाचव्यात तो उतरायला नको? सातव्या भागात मला एक वैद्य आणावा लागला — आणला म्हणजे, जो म्हातारा नुसता नदीकाठी मासे धरत होता त्याच्या तोंडी औषधाच्या गोष्टी घातल्या. नवव्या भागात देवळाचा पुजारी तिला पायरीवरून हाकलतो, तिथं मी त्याला लेकरांच्या तब्येतीची काळजी करायला लावली. आणि अकराव्या भागात त्या मुलीचा बाप फर्मानाचा कागद घेऊन गावात येतो. तो प्रसंग सांगून झाल्यावर सरांनी त्या दिवशीचं काम तिथंच थांबवलं. इंग्रजीत मी त्या कागदाचं काय केलं असेल? तब्येतीचा दाखला! बाप गावभर दाखवत फिरतो की आमची वस्ती आता निरोगी आहे. एक खोटं पचवायला दहा खोटी लागतात म्हणतात, मी अकरा घातली.

आणि हबीब सरांना यातलं काही माहीत नाही. इंग्रजी ते ऐकत नव्हते. त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

मालिका आली. पहिला महिना काही झालं नाही. मग इंटरनेटवर जपानी जाणणाऱ्या लोकांनी दोन्ही शेजारी-शेजारी लावून दाखवायला सुरुवात केली. काही हसले, बरेच भडकले. दाखल्यावर तर इतकी चेष्टा झाली की विचारू नका. सगळ्यांचं म्हणणं एक — भाषांतर करणाऱ्याला जपानीचा ओ की ठो येत नाही. आणि शेवटी पाट्या पडतात ना, त्यात भाषांतर म्हणून सरांचं नाव होतं. माझं नाव होतं संवादाला. संवादाला कुणी शिव्या घातल्या नाहीत. उलट बोलणं फार सहज वाटतं म्हणून कौतुक झालं.

मालिका विकत घेणाऱ्यांनी स्टुडिओला जाब विचारला. मॅडमनी मीटिंग लावली. पडद्यावर पाच चौकटी, एकीत हबीब सर — त्यांच्या मुलीनं, नसरीननं, कॅमेरा लावून दिलेला, त्यामुळे निम्मं कपाळच दिसत होतं. मॅडमनी अदबीनं विचारलं, सर, तुम्ही हे आजारपण असं सांगितलं होतं का? सर गोंधळले. आधी त्यांना प्रश्नच कळेना. मग म्हणाले, नाही नाही, मी तर साफ सांगितलं होतं, बेटीला विचारा, तिच्याकडं लिहिलेलं आहे.

आणि चार चौकटी माझ्याकडं बघायला लागल्या.

वही माझ्या समोर होती. त्याच पानावर उघडलेली. मी आधीच काढून ठेवली होती — खरं सांगते, मी खरं बोलणार म्हणूनच काढून ठेवली होती. पानावर माझ्याच अक्षरात, पैदा हुई बस वोच कसूर. मी त्या ओळीवर हात ठेवला आणि म्हणाले, "माझ्या वहीत आजारच लिहिलाय, सर."

कुणी म्हटलं नाही की वही दाखव. कॅमेऱ्यासमोर धर म्हणाले असते तर? मी काय केलं असतं? मला अजूनही माहीत नाही. कुणी तसं म्हणालं नाही, एवढं खरं.

मला वाटलं आता भांडतील. भांडले असते तर कदाचित माझ्यातली भांडखोर जागी झाली असती, आणि भांडणाच्या भरात खरं तोंडातून निघालं असतं. पण ते भांडले नाहीत. ते आठवायला लागले. कपाळावर आठ्या घालून, डोळे मिटून, खरोखर आठवायला लागले. आणि मग म्हणाले, "बेटी बोल रई तो वैसाइच होगा। मेरीच गलती। उमर हो गई।"

त्यांनी माझ्यापेक्षा स्वतःवर संशय घेतला.

स्टुडिओनं त्यांना काढलं असं म्हणता येणार नाही. पुढचं काम आलं नाही, एवढंच. मला आलं. नवीन भाषांतर करणारा मुलगा टाइप करून पाठवायचा, तीन वाजता फोन यायचा नाही. दुपारी तीन वाजले की मी उगाच भांडी घासायला काढायची. महिन्याभरानं एसटीच्या पार्सलनं एक खोकं आलं. आत सरांचे सगळे शब्दकोश — पानापानावर पेन्सिलीच्या खुणा. सोबत नसरीनच्या अक्षरात चिठ्ठी, अब्बा म्हणतात, आता तू शीक, आमच्या डोक्यात राहत नाही. मी ते खोकं माळ्यावर टाकलं, आणि ती वहीही त्यातच. पोरानं विचारलं तर म्हटलं जुनी पुस्तकं आहेत.

अशी तीन वर्षं. तुम्ही म्हणाल, तीन वर्षं झोप कशी लागली? लागायची हो. चांगली लागायची. तोच तर माझा राग आहे माझ्यावर. माणूस काय काय पचवतं, आणि वर वरणभात खातं.

या उन्हाळ्यात नसरीनचा फोन आला. ईदच्या शुभेच्छा द्यायला केला होता, आणि बोलता-बोलता रडायला लागली. अब्बांनी घरभर चिठ्ठ्या चिकटवल्यात म्हणाली. गॅसवर चिठ्ठी, नळावर चिठ्ठी, दाराला आतून चिठ्ठी की किल्ली घेतली का. वीस वर्षं एकाच मशिदीत जाणारा माणूस आता एकटा जात नाही, परतीचा रस्ता विसरेन म्हणतो. गोष्टी सांगत नाही, नातवंडांना जपानी आकडे शिकवायचा तेही बंद — चुकीचं शिकवेन म्हणतो. तिनं दोन डॉक्टर केले, सगळ्या तपासण्या केल्या. डॉक्टर म्हणतात डोकं ठणठणीत आहे, माझ्यापेक्षा चांगलं आहे. अब्बा ऐकत नाहीत. म्हणतात, डॉक्टर को जापानी आती क्या? उसकू क्या मालूम मैं क्या भुल्ला.

मला वाटत होतं मी त्यांचं काम घालवलं. नाव घालवलं. ते वाईटच होतं, पण त्याच्याशी मी जुळवून घेतलं होतं. हे मला ठाऊकच नव्हतं. एक धडधाकट माणूस माझ्या एका वाक्यावर विश्वास ठेवून तीन वर्षं रोज थोडा थोडा स्वतःला वेडा समजत होता. ते मी एकटी थांबवू शकत होते. डॉक्टर नाही, नसरीन नाही. मीच.

त्याच दिवशी मी स्टुडिओच्या मॅडमना सगळं लिहून पाठवलं. कोणत्या भागात काय बदललं ते ओळीगणिक. खाली सही केली, संगीता वाघमारे. आधी पाठवलं, म्हणजे मागं फिरायला जागा नको. नवऱ्याला नुसतं म्हटलं, हैदराबादला काम आहे. माळ्यावरून वही काढली आणि सकाळच्या गाडीत बसले. उदगीर गेलं, बिदर गेलं. रस्ताभर मी कारणं जुळवत होते — आडनाव, काकू, तो पेला. सगळी खरी होती. आणि जिना चढताना कळलं की यातलं एकही सांगायचं नाही. सांगितली असती तर ते विरघळले असते, तसा स्वभावच आहे त्यांचा. उलट माझंच डोकं कुरवाळत बसले असते.

सर खुर्चीत बसले होते. वाळले होते. मला बघून इतके खूश झाले की नसरीनला म्हणाले, देख, बेटी कू मैं पैचाना. पैचाना म्हणजे मोठंच काम केल्यासारखं. मी पाणीही घेतलं नाही. वही उघडली आणि वाचलं. तारीख वाचली, मग त्यांचं वाक्य, मग त्या दोस्ताची हकिगत, जशीच्या तशी. आणि मी म्हणाले, सर, हे तुम्ही सांगितलं होतं. त्या दिवशी मीटिंगमध्ये ही वही माझ्या समोर होती. मी खोटं बोलले. ताप मी घातला. माझं आडनाव पण हदगावकर नाही.

आडनावाकडं त्यांचं लक्षही गेलं नाही. म्हणाले, "फिर से पढ़।"

मी परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला लावलं. तिसऱ्या वेळी माझ्या आधीच त्यांनी पुढचं वाक्य म्हटलं, आणि मग तोच प्रसंग जपानीत म्हणून दाखवला, दुकानदारणीचा तो एक शब्दसुद्धा. कुठंही अडखळले नाहीत. मग मोठ्यानं हाक मारली, नसरीन! ती दारातच उभी होती. "मैं भुल्ला नै था। सुन री, मैं सई बोला था। मेरेकू कुछ नै हुआ।"

नसरीननं माझ्याकडं बघितलं. ते बघणं मी तुम्हाला सांगू शकत नाही. त्याला मी पात्र होते, एवढंच.

मग सर माझ्याकडं वळले. ओरडले नाहीत. म्हणाले, तीन साल, बेटी. मग म्हणाले, आता तू जा. मी उठले. नसरीननं दार लावून घेतलं. बाहेर चपला घालत होते तेव्हा आतून टरकन कागद फाडल्याचा आवाज आला, मग दुसरा. दाराच्या चिठ्ठ्या असाव्यात. आणि सर हसत होते. मोठ्यानं, खोकत खोकत. नसरीन रडत होती की हसत होती ते काही कळलं नाही.

मी माफी मागितली नाही. तोंड नव्हतं असं नाही, माझं तोंड कधी कमी पडलंय? पण माफी मागितली की समोरच्याला काहीतरी द्यावं लागतं. त्यांच्याकडून अजून काय घ्यायचं?

मोकळं वाटलं. लपवत नाही, लई मोकळं वाटलं. जिना उतरताना अंग हलकं झालं होतं. स्टेशनवर उभ्यानं दोन चहा प्याले. घरी आल्यावर टेबल परत फिरवलं, मागं भिंतीवरचा फोटो दिसेल असं. मॅडमचं उत्तर आलं, दोन ओळींचं — कळवल्याबद्दल आभार, मालिका जुनी झाली, आता बदल करता येणार नाही. तेव्हापासून काम आलेलं नाही. येईल न येईल. बापाला अजून सांगायचंय, या रविवारी नांदेडला जाणार आहे.

मालिका अजून तशीच चालू आहे. कुठंतरी, कुण्या देशात, आत्ता या घटकेला ती दुकानदारीण माझ्या इंग्रजीत तापाला घाबरत असेल. तुम्ही कधी बघितलीत तर एवढं जाणून बघा. त्या मुलीला काही झालेलं नव्हतं. हबीब सरांनाही काही झालेलं नव्हतं. दोघं चांगली धडधाकट होती. आजार मी लावला.